पाणबुडी आणि तिच्यांतील माणसें

वाटूर फाट्यावर उभें राहून कोणत्याही वाटेनें निघालें, तरी समुद्र शेंकडों किलोमीटर दूरच राहतो. या भागांतील मुलांनीं पाहिलेलें मोठें पाणी म्हणजे दुधनेचा पूर, आणि तोही दरसाल येतोच असें नाहीं. तेव्हां आमच्या शाळेच्या वार्षिक अंकांत पाणबुडीवर लेख कशासाठीं, असें वाचकांस वाटणें साहजिक आहे. त्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा आमच्या हाताखालीं शिकला व पुढें नौदलांत भरती झाला. पाणबुडीच्या शाखेसाठीं आपण नांव देणार, असें त्यानें घरीं कळविलें होतें. आपल्या नौदलांत पाणबुडीवर कोणासही बळेंच पाठवीत नाहींत. जो स्वतः होऊन मागेल व परीक्षेंत उतरेल त्यासच घेतात. नेमकें हेंच त्या गृहस्थांस उमगेना. "गुरुजी, जबरदस्ती न्हाई म्हणतात, मग ह्यानं आपण होऊन पाण्याखाली कशाला जावं?" असा त्यांचा सरळ प्रश्न. त्यास पुरतें उत्तर देण्याजोगें ज्ञान त्या दिवशीं आमच्यापाशीं नव्हतें. पुढें कांहीं वाचन करून, आणि विशाखापट्टणम् येथें पूर्वीं पाहिलेली एक पाणबुडी पुन्हां मनांत आणून, जें जुळवितां आलें तें येथें मांडीत आहों. तें त्या पालकांसाठीं आहे, तसेंच विद्यार्थ्यांसाठींही आहे.

ही नौका बुडते कशी आणि वर येते कशी, हें आधीं पाहूं. विहिरींत रिकामी घागर सोडली तर ती तरंगते. कलंडून तींत पाणी शिरलें कीं ती तळ गांठते. भरलेली घागर दोरानें ओढून काढावी लागते, कारण आंतील पाणी बाहेर घालविण्याचें साधन तिच्यापाशीं नसतें. पाणबुडीपाशीं तें असतें. तिच्या नळकांड्यासारख्या मजबूत अंगाभोंवतीं मोठ्या टाक्या असतात. बुडावयाचें असेल तेव्हां टाक्यांच्या वरच्या झडपा उघडतात. हवा निघून जाते, खालून समुद्राचें पाणी शिरतें आणि नौका जड होऊन खालीं जाते. वर यावयाचें असेल तेव्हां पोलादी बाटल्यांत दाबून भरलेली हवा त्या टाक्यांत सोडतात. ती पाण्यास बाहेर लोटते आणि नौका हलकी होऊन वर येते. शास्त्र एवढेंच आहे, आणि आर्किमिडीजचा नियम शिकलेल्या नववीच्या मुलास तें समजतें. अडचण शास्त्रांत नव्हती. या घागरीच्या आंत माणसें बसावयाचीं होतीं, आणि माणसास श्वास घ्यावा लागतो. योना तीन दिवस मत्स्याच्या पोटांत राहिला, ही कथा आमच्या मुलांस पाठ आहे. पण त्याची सोय पाहणारा निराळा होता. येथें सोय माणसानेंच करावयाची होती, आणि ती साधेपर्यंत पुष्कळ जीव गेले.

युद्धाच्या कामीं योजिलेली पहिली पाणबुडी अमेरिकेंतील. अमेरिकन वसाहतींचें इंग्लंडाशीं युद्ध चालू असतां, डेव्हिड बुशनेल यानें कांसवाच्या दोन पाठी एकमेकींस जोडाव्या तशा आकाराची एक लांकडी नौका तयार केली. तिचें नांवही 'टर्टल' म्हणजे कांसव असेंच होतें. तींत एकच मनुष्य मावे. तोच हातानें पंखा फिरवी, तोच सुकाणूं धरी, तोच पाणी आंत घेई व पंपानें बाहेर काढी. सप्टेंबर १७७६ मधील एका रात्रीं एझ्रा ली नांवाचा सार्जंट तींत बसून न्यूयॉर्क बंदरांत 'ईगल' या इंग्रज युद्धनौकेपर्यंत गेला. परंतु तिच्या तळास सुरुंग अडकविणें त्याला साधलें नाहीं, आणि तो परत फिरला. यश आलें नाहीं, पण जीव वांचला. पुढें कित्येकांच्या नशिबीं तेवढेंही नव्हतें.

त्याच देशांत पुढें यादवी युद्ध पेटलें, तेव्हां दक्षिणेकडील राज्यांनीं 'हन्ली' नांवाची लोखंडी पाणबुडी १८६३ सालीं चार्ल्स्टन बंदरांत आणिली. हिच्यांत एंजिन नव्हतें. सात जण ओळीनें बसून एक लांब दांडा हातांनीं फिरवीत, त्यायोगें मागचा पंखा फिरे. आठवा तो नायक. उजेडासाठीं मेणबत्ती असे, आणि ती मिणमिणूं लागली कीं हवा संपत आली असें समजावयाचें. ही नौका प्रथम बुडाली तेव्हां पांच जण मेले. वर काढली, सरावांत पुन्हां बुडाली तेव्हां आठ मेले, आणि त्यांत ज्यांच्या पैशानें व ज्यांच्या नांवानें ती उभी राहिली ते होरेस हन्ली स्वतः होते. तरी ती पुनः वर काढण्यांत आली, धुऊन पुसून सज्ज करण्यांत आली, आणि तींत बसावयास तिसऱ्यांदा माणसें मिळालीं. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्रीं तिनें 'हाउसाटॉनिक' हें शत्रूचें जहाज बुडविलें. पाणबुडीनें युद्धनौका बुडविल्याचा इतिहासांतील तो पहिला प्रसंग होय. परंतु 'हन्ली' त्या रात्रीं परत आली नाहीं. ती १९९५ सालीं समुद्रतळीं सांपडली व २००० सालीं वर काढण्यांत आली. आठही जणांचीं हाडें ज्याच्या त्याच्या जागेजवळच मिळालीं. दाराकडे धांव घेतल्याची खूण दिसली नाहीं. शत्रूचे पांच खलाशी मेले, स्वतःचे एकवीस. असा त्या नौकेचा हिशेब आहे.

मिशनच्या शाळेंतील मुलांस ऐकून मौज वाटेल कीं, या धडपडींत एक पाळक होते आणि एक शाळामास्तरही होते. पाळक ते मँचेस्टरकडील तरुण धर्मोपदेशक जॉर्ज गॅरेट. त्यांनीं १८७९ सालीं वाफेवर चालणारी एक पाणबुडी बांधविली आणि तिला 'रिसर्गाम' हें लॅटिन नांव दिलें. त्याचा अर्थ 'मी पुन्हां उठेन'. पुढल्याच वर्षीं दुसऱ्या बोटीच्या मागें बांधून नेत असतां ती वादळांत बुडाली. सुदैवानें तेव्हां तींत कोणी नव्हतें. नांव पुनरुत्थानाचें असूनही ती अद्याप वेल्सच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशींच आहे.

शाळामास्तरांचें नशीब अधिक बरें. जॉन फिलिप हॉलंड यांचा जन्म आयर्लंडांत १८४१ सालीं झाला. तेथें ते एका धर्मसंघाच्या शाळांतून शिकवीत. पुढें अमेरिकेस गेले आणि पॅटर्सन गांवीं पुन्हां मास्तरकीच करूं लागले. शाळा सुटल्यावर पाणबुडीचे आराखडे काढीत बसावयाचें. त्यांचा पहिला आराखडा तेथील नौदलानें, हें चालावयाचें नाहीं, म्हणून परत केला. त्यांनीं तो नाद सोडला नाहीं. पांच पाणबुड्या झाल्या, बिघडल्या, मोडीत निघाल्या. सहावी मात्र ११ एप्रिल १९०० रोजीं अमेरिकन नौदलानें विकत घेतली. तिची युक्ति अशी: पाण्यावर असतां पेट्रोलचें एंजिन चालवावयाचें व त्याच वेळीं बॅटऱ्या भरून घ्यावयाच्या, पाण्याखालीं गेल्यावर एंजिन बंद, कारण त्याला हवा लागते, आणि मग बॅटरीच्या विजेवर चालावयाचें. आज पेट्रोलच्या जागीं डिझेल आलें आहे. अणुशक्तीच्या नौका सोडल्या तर बाकी व्यवस्था बव्हंशीं हॉलंडमास्तरांचीच आहे. ज्यांचे विद्यार्थी त्यांना शाळेबाहेर कागद खरडतांना पाहून हंसले असतील, त्यांची आम्हांस या लेखाच्या निमित्तानें मोठी आपुलकी वाटूं लागली, हें कबूल केलें पाहिजे.

इंग्लंडनें याच बनावटीवरून आपल्या पहिल्या पाणबुड्या बांधिल्या. त्यांवर पांढरे उंदीर पिंजऱ्यांत ठेवीत. पेट्रोलची वाफ किंवा विषारी धूर कोंडला तर माणसाच्या आधीं उंदीर गळून पडे, आणि तो पडला कीं वर जावयाचें. अशा उंदरांस खलाशी आपल्या ताटांतील घांस घालून जपत. परंतु उंदीर प्रत्येक संकट सांगूं शकत नाहीं. मार्च १९०४ मध्यें 'ए-१' ही नौका सरावांत पाण्याखालीं असतां एका प्रवासी आगबोटीची तिला धडक बसली आणि तिच्यांतील सर्व अकरा जण मेले. आगबोटीवरील लोकांस आपण कशावर आदळलों हेंही त्या वेळीं कळलें नव्हतें.

हॉलंड हे ऑगस्ट १९१४ मध्यें वारले. महायुद्ध नुकतेंच सुरू झालें होतें. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आंत, २२ सप्टेंबर रोजीं, 'यू-९' या एकट्या जर्मन पाणबुडीनें दीड तासाच्या सुमारास इंग्रजांच्या तीन मोठ्या युद्धनौका एकामागून एक बुडविल्या. चौदाशेंहून अधिक माणसें गेलीं. पाणबुडीवरचे खलाशी जेमतेम तीसएक असतील. त्या दिवसापासून जगांतील कोणत्याही आरमारानें पाणबुडीस पोरखेळ म्हटलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत ही आपत्ति मुंबईच्या दारापर्यंत आली. २० नोव्हेंबर १९४२ रोजीं 'तिलावा' ही प्रवासी आगबोट मुंबईहून आफ्रिकेस निघाली. तिच्यावर ९५८ माणसें होतीं. बहुतेक प्रवासी आपले हिंदी लोक, पोटापाण्यासाठीं परदेशीं जाणारे किंवा घरच्यांकडे परतणारे. २३ तारखेस पहाटेच्या अंधारांत 'आय-२९' या जपानी पाणबुडीनें अरबी समुद्रांत तिच्यावर टॉर्पेडो सोडला. लोक होड्यांत उतरले. कांहीं पुन्हां बोटीवर चढले, तोंच दुसरा टॉर्पेडो आला. २८० जण बुडाले. वांचलेल्यांस 'बर्मिंगहॅम' या इंग्रज युद्धनौकेनें उचलून मुंबईस परत आणिलें.

आतां हीच 'आय-२९' नौका पांच महिन्यांनीं पुन्हां आपल्या इतिहासांत येते. नेताजी सुभाषचंद्र बोस फेब्रुवारी १९४३ मध्यें जर्मनींतील कील बंदरांतून 'यू-१८०' या पाणबुडीनें निघाले. त्यांच्याबरोबर एकच हिंदी सोबती होता, आबिद हसन. हे हैदराबादचे, आणि आमचा हा मुलूख तेव्हां हैदराबाद संस्थानांतच मोडत असल्यामुळें त्यांस आपल्याकडचे म्हणण्यास हरकत नाहीं. अडीच महिने त्या दोघांनीं त्या लोखंडी नळकांड्यांत काढले. सर्वत्र डिझेलचा वास. अंथरुणास वास, अन्नासही वास. नेताजी त्यांतही लिहिण्याचें काम करीत व आबिद हसन त्यांना साहाय्य करीत. एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या दक्षिणेकडील समुद्रांत जर्मन व जपानी पाणबुड्या भेटल्या. समुद्र इतका खवळलेला कीं नौका एकमेकींजवळ आणितां येईनात. शेवटीं दोर बांधून रबरी तराफ्यावरून या दोघांस भिजत भिजत पलीकडे नेलें. पलीकडची नौका म्हणजे 'आय-२९'. तिनें त्यांस मे महिन्यांत सुमात्राजवळील सबांग बेटावर सुखरूप उतरविलें.

जिनें मुंबईचीं माणसें बुडविलीं तिनेंच नेताजींस पार नेलें. मुलांस आम्ही या दोन्ही हकीगती एकत्रच सांगतों. एकटी कोणतीही सांगितली तर ती अर्धी राहते. पुढल्या वर्षीं या दोन्ही पाणबुड्या समुद्रांत नाहींशा झाल्या: 'आय-२९' जुलै १९४४ मध्यें अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोनें, आणि 'यू-१८०' ऑगस्टमध्यें फ्रान्सच्या पश्चिमेस, आपल्या सर्व खलाशांसह.

स्वतंत्र भारताच्या नौदलापाशीं पहिलीं वीस वर्षें एकही पाणबुडी नव्हती. १९६५ सालीं सोव्हिएत संघाशीं करार झाला आणि निवडक अधिकारी व खलाशी शिक्षणासाठीं तिकडे गेले. त्यांतील अनेकांस पाणबुडीचा मुळींच अनुभव नव्हता. शिक्षण दूर पूर्वेस व्लादिव्होस्तोक येथें, आणि तेंही रशियन भाषेंत. आधीं भाषा शिकावयाची, मग त्या भाषेंतून झडपा, नळ्या, विजेच्या तारा. इंग्रजीच्या तासाला कण्हणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. ८ डिसेंबर १९६७ रोजीं बाल्टिक समुद्रावरील रीगा बंदरांत 'कलवरी' या पहिल्या पाणबुडीवर भारताचा ध्वज चढला. तिचे नायक कमांडर के. एस. सुब्रमणियन्. हा दिवस नौदलांत अद्याप 'पाणबुडी दिन' म्हणून पाळतात.

तिला घरीं आणणें हीही एक परीक्षाच होती. १९६७ च्या युद्धामुळें सुएझचा कालवा बंद पडला होता. तेव्हां युरोपास वळसा, मग सबंध आफ्रिका खंडास वळसा, असा प्रवास करीत ती एप्रिल १९६८ मध्यें निघून जुलैंत विशाखापट्टणम् येथें पोंचली. वास्को द गामाची वाट भूगोलांत शिकतांना मुलांनीं नकाशावर या वाटेनेंही एकदां बोट फिरवून पाहावें.

'कलवरी' हें खोल समुद्रांतील एका शार्क माशाचें नांव. तिच्या मागून १९६८ व १९६९ सालीं 'खांदेरी', 'करंज' व 'कुर्सुरा' आल्या. यांपैकीं खांदेरी हें नांव मराठी माणसास शिकवावें लागत नाहीं. थळच्या समोर समुद्रांत असलेल्या या बेटावर शिवाजी महाराजांनीं १६७९ सालीं तट घालण्यास आरंभ केला, आणि मुंबईच्या इंग्रजांनीं आरमार पाठवूनही तें काम त्यांना थांबवितां आलें नाहीं. मायनाक भंडारी यानें रात्रीं लहान होड्यांतून सामान पोंचवीत तें बेट राखलें. इंग्रजांचीं गलबतें मोठीं, पण उथळ पाण्यांत व अंधारांत तीं अडखळत. लहान असणें आणि न दिसणें हें त्या वेळींही बळ होतें.

या चार भगिनींपैकीं 'कुर्सुरा' ही विशाखापट्टणम् येथें समुद्राच्या वाळूंत ओढून ठेविलेली असून २००२ पासून लोकांस पाहावयास खुली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं ती पाहिली. बाहेरून लांबी ९१ मीटर, म्हणजे जवळजवळ तीनशें फूट. तेव्हां प्रथम वाटतें, ही तर ऐसपैस आहे. आंत पाऊल टाकतांच तो भ्रम फिटतो. सर्व जागा यंत्रांची आहे, आणि उरलेल्या फटींत माणसें. अंग सात खणांत विभागलेलें. एका खणांतून दुसऱ्यांत जावयाचें तर गोल भोंकांतून, आधीं पाय मग डोकें. पाणी शिरलें तर तो खण बंद करून बाकीचे वांचवितां यावे, म्हणून ही व्यवस्था. बंद केलेल्या खणांत कोणी राहिला असेल तर त्याचें काय, हा प्रश्न आमच्याबरोबरच्या एका मुलानें विचारला. दाखविणारे गृहस्थ स्वतः निवृत्त पाणबुडे होते. ते म्हणाले, दार लावण्याचा हुकूम असतो, आणि तें लावणारा पुष्कळदां त्याचा मित्रच असतो. पुढें त्या मुलानें कांहीं विचारलें नाहीं.

अशा नौकेवर सुमारें पंचाहत्तर माणसें राहत. पुढच्या खणांत टॉर्पेडोच्या सहा नळ्या व मागच्यांत चार, आणि खलाशांच्या फळ्या त्या टॉर्पेडोंच्या आसपासच. एकाची पाळी सुरू झाली कीं त्याच्या ऊबदार अंथरुणावर दुसऱ्यानें आडवें व्हावयाचें. स्वयंपाकघर आमच्या शाळेंतील खडू ठेवण्याच्या खोलीएवढें. सूर्य दिसत नाहीं. घड्याळ पाहून सकाळ म्हणावयाची. शत्रू कान लावून बसलेला असतो, म्हणून चमचा पडला तरी अपराध. बॅटऱ्या भरतांना हायड्रोजन वायु सुटतो, तो सांचला तर एक ठिणगी पुरे; म्हणून त्याचें मोजमाप अखंड ठेवावें लागतें. आणि गोडें पाणी पिण्यास व शिजविण्यास. स्नान नाहीं, कपडे धुणें नाहीं, आठवडेच्या आठवडे. हें आम्हीं पुढें त्या पालकांस सांगितलें तेव्हां ते प्रथमच हंसले. "एका तांब्यात तोंड, हात, पाय धुऊन उरलेलं झाडाला घालायचं आमच्या पोरांना टँकरनं शिकवलंय. हे पोरगं तिथं टिकंल," असें ते म्हणाले.

या पहिल्या खलाशांस लढाईचा अनुभव लवकरच आला. १९७१ च्या युद्धांत 'करंज' ही कमांडर विजयसिंह शेखावत यांच्या हुकमतीखालीं अरबी समुद्रांत शत्रूच्या बाजूस गस्त घालीत होती. हे गृहस्थ पुढें नौदलाचे प्रमुख झाले. त्याच युद्धाच्या आरंभीं पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणम् बंदराबाहेर सर्व खलाशांसह बुडाली. आणि ९ डिसेंबरच्या रात्रीं पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीनें दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनीं इतरांस बाहेर लोटलें व स्वतः नौकेबरोबर राहिले. पाण्याखालून आलेला घाव कसा असतो, हें आपल्या नौदलानें त्या रात्रीं सोसलें. आणि पाण्याखालीं मरण कसें असतें, हें 'गाझी'वरच्या आयांच्या लेंकरांनीं सोसलें. शत्रूच्या खलाशांचें दुःख मोजूं नये असें आम्हांस वाटत नाहीं.

त्यानंतरची प्रगति थोडक्यांत सांगतों. ७ फेब्रुवारी १९९२ रोजीं मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली 'शल्कि' नौदलांत आली. भारतांत बांधलेली ही पहिली पाणबुडी. जर्मन नमुन्याच्या या नौकांत एक मोठा पोलादी गोल बसविलेला असतो. नौका तळाशीं अडकली तर सर्व माणसें त्यांत शिरून गोल सुटा होतो व वर येतो. याच गोदींत पुढें फ्रेंच नमुन्याच्या सहा पाणबुड्या झाल्या, आणि नौदलाच्या रीतीप्रमाणें त्यांस निवृत्त झालेल्या जुन्या नौकांचीं नांवें मिळालीं. नवी 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजीं, नवी 'खांदेरी' २०१९ सालीं, नवी 'करंज' १० मार्च २०२१ रोजीं दाखल झाली. आणि 'करंज'च्या त्या समारंभास जुन्या 'करंज'चे नायक शेखावत हे प्रमुख पाहुणे होते. सहावी 'वागशीर' १५ जानेवारी २०२५ रोजीं आली. जुन्या नौकेवर जेथें पंचाहत्तर माणसें लागत, तेथें नवीवर सुमारें चाळीस पुरतात.

संकटें मात्र संपलेलीं नाहींत, आणि तीं पालकांपासून लपविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी मुंबईच्या गोदींतच स्फोट होऊन बुडाली; आंतील अठराही जण गेले. पुढें सहा महिन्यांनीं, २६ फेब्रुवारी २०१४ रोजीं, मुंबईजवळच्या समुद्रांत 'सिंधुरत्न'वर धूर कोंडला. दोन तरुण अधिकारी त्या खणांत काम करीत राहिले. बाकीचे वांचले, ते दोघे वांचले नाहींत. त्यांस मरणोत्तर शौर्यचक्र देण्यांत आलें. नौदलाच्या प्रमुखांनीं, ही जबाबदारी आपली आहे, असें म्हणून त्याच दिवशीं राजीनामा दिला. २०१८ सालीं मुंबईस एक बचाव-पाणबुडी आली. ती ६५० मीटर खोल जाऊन, अडकलेल्या नौकेच्या दारास चिकटून, एका खेपेस चौदा माणसें वर आणूं शकते. ही सोय पूर्वीं आपल्यापाशीं नव्हती.

दिवाळींत ते पालक पुन्हां भेटले. वरील बहुतेक हकीगत आम्हीं त्यांस सांगितली, 'सिंधुरक्षक'चीही सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मुलगा आपण होऊन कां जातो, याचें आमचें उत्तर त्यांस पटलें कीं नाहीं, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. कारण उत्तर आम्हीं दिलेंच नाहीं, फक्त या माणसांच्या गोष्टी सांगितल्या. 'हन्ली' दोनदां बुडाल्यावर तिसऱ्या वेळीं तींत बसणाऱ्यांस कोणी बळेंच बसविलें नव्हतें, ही गोष्ट मात्र त्यांनीं दोनदां विचारून घेतली.

मग त्यांनीं विचारलें, शिक्षण कोठें होतें? विशाखापट्टणम् येथें, 'सातवाहन' नांवाच्या नौदलाच्या संस्थेंत. तेथें बुडालेल्या नौकेंतून सुटून वर येण्याचाही सराव पाण्याच्या हौदांत करून घेतात, असें आम्हीं सांगितलें.

"सातवाहन म्हंजे आपल्या पैठणचे?"

"तेच."

"मग लई परकं न्हाई," असें म्हणून त्यांनीं टोपी सारखी केली आणि एस्. टी. चुकूं नये म्हणून ते लगबगीनें फाट्याकडे निघाले.